प्रतिस्पर्धी पाहिजे

सोमवार, ४ सप्टेंबर. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. सार्वजनिक जीवनात पडणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. या कोणी वाचण्यासाठी नाहीत. पुढेमागे कोणी छापायच्या म्हणालं तर तो त्यांचा प्रश्न.

आमच्या गावच्या, नेदर विंबलच्या कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी झाली आहे. दुकानाबाहेरच्या फळ्यावर नोटीस आहे. तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचत असताना मागे दोघं येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं ही रांग आहे. मी सॉरी म्हणालो. तेही सॉरी म्हणाले. त्यांच्यामागे उभी राहिलेली बाईही सॉरी म्हणाली. मग कळलं की तिघंही ब्रेड घ्यायला आले होते.

पाणी खात्यात एकोणतीस वर्षं काढली, शेवटची अकरा मीटर विभागाचा उपप्रमुख म्हणून. रिटायर होऊन चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत मला कोणीही काहीही विचारलेलं नाही. ग्वेन विचारते, पण ते "हे इथेच ठेवणार आहेस का?" या प्रकारचं. बायकोचे प्रश्न धरत नाही.

गावाला माझी गरज आहे. गावाला ते अजून कळलेलं नाही, इतकंच.

मंगळवार, ५ सप्टेंबर

कौन्सिलचा क्लार्क कीथ लॅम्बर्न याला भेटलो. तो म्हणाला, "अरे वा, मर्विन! झालंच मग काम. एक पानी फॉर्म भर. कौन्सिल पुढच्या मीटिंगला तुला नेमून घेईल. ती जागा कोणालाच नकोय रे. मागच्या माणसाला तर आम्ही त्याच्या घरून उचलून आणला होता."

मी त्याला थांबवलं. म्हटलं, मागच्या दाराने येणं माझ्या स्वभावात नाही. जनतेने निवडून दिलं पाहिजे. मतपेटी, पेन्सिल, पडदा, सगळं रीतसर.

कीथ म्हणाला की त्यासाठी दहा मतदारांच्या सह्या लागतात, हॉल बुक करावा लागतो, दिवसभर दोन माणसं बसवावी लागतात. माझ्या तत्त्वनिष्ठेने तो हेलावलेला दिसला. बराच वेळ डोकं धरून बसला होता.

जाहीरनाम्याचा मुद्दा पक्का: बस थांब्यावरचा बाक. बाकाची पाठ रस्त्याकडे आहे. बसलेल्याला बस दिसत नाही, ड्रायव्हरला बसलेला दिसत नाही. म्हणून गावात पद्धत पडली आहे की एकाने उभं राहून बघायचं आणि बाकीच्यांनी त्याची क्षमा मागत बसायचं. सोळा वर्षं हे चाललंय. घोषणा: "बाक फिरवा!" ग्वेनला ऐकवली. ती म्हणाली, "छान आहे. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का?"

शनिवार, ९ सप्टेंबर

दहा सह्या झाल्या. चर्चच्या कॉफीला दाराशीच उभा राहिलो. बाहेर पाऊस, आत कॉफी आणि मध्ये मी. चाळीस मिनिटांत काम फत्ते. लोकांचा उत्साह अवर्णनीय. एक बाई तर कशावर सही करतोय हेही न विचारता सही करून आत धावल्या.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

निवडणूक जाहीर! गुरुवार, ९ नोव्हेंबर. मी अर्ज भरला.

बुधवार, ११ ऑक्टोबर. दुपारी १२

संकट. अर्ज भरण्याची मुदत परवा संपते आणि माझ्याशिवाय एकाचाही अर्ज नाही. कीथचा फोन आला. म्हणाला, "अभिनंदन! परवा चारनंतर तू बिनविरोध निवडून आलास. हॉलचं बुकिंग रद्द करतो."

इतका आनंद त्याच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. पण बिनविरोध म्हणजे काय? एकट्याने पळून पहिला नंबर! उद्या कोणीही म्हणेल की मर्विन पिकरिलला कोणी निवडलं? कोणीच नाही. नको. मला लढत पाहिजे. लढतीला प्रतिस्पर्धी पाहिजे. कीथला सांगितलं, बुकिंग राहू दे. फोन कट झाला. लाइन बहुतेक खराब होती.

ग्वेन म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस? गप पदरात पडतंय ते घे." राजकारण हा तिचा प्रांत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

प्रतिस्पर्धी कसा असावा? फार जोरदार नको, अगदीच टाकाऊही नको. आधी बॅरी स्टॅगला विचारलं. बॅरीचं पबशेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याची जीभ फार सैल आहे. तो म्हणाला, "मर्व्ह, तुझ्याविरुद्ध उभा राहिलो तर निवडून येईन ना रे मी! मग दर महिन्याला त्या मीटिंगला कोण बसणार, तुझा काका?" विनोदाच्या आड त्याची भीती लपत नव्हती.

मग एकदम आठवलं: डोरीन ह्युलेट! आमच्या पलीकडचं तिसरं घर. शांत, विधवा बाई. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तेहतीस वर्षं जेवण वाढायची. सार्वजनिक जीवनाशी काडीचा संबंध नाही. कोण ओळखणार तिला?

डोरीनने चहा दिला. मी प्रश्न मांडला. ती म्हणाली, "नको हो मिस्टर पिकरिल. मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, अगदी बरोबर, म्हणूनच आलो. लोकशाहीसाठी कोणीतरी हरावं लागतं. ती माझ्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली, "तुमची अडचण होत असेल तर राहते बाई उभी. पण प्रचार-बिचार मला जमायचा नाही." मी म्हटलं, करूच नका.

फॉर्म मीच भरला. सूचक म्हणून बॅरीची सही आणली. तो सही करताना इतका का हसत होता, कळलं नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

माझं पत्रक छापून आलं. चार पानं, बाकाच्या दोन आकृत्या, एक बाजूने आणि एक वरून. डोरीनकडे पत्रकच नाही. हे बरोबर दिसत नाही. खेळ म्हटला की दोन्ही बाजूंना बॅट पाहिजे. तिचंही मीच लिहून दिलं. घाईत होतो, म्हणून एकच ओळ लिहिली: "डोरीन ह्युलेट. तुम्ही मला ओळखता."

खरं तर ओळखत नाहीत, पण पत्रकात थोडी अतिशयोक्ती चालते.

शनिवार, २१ ऑक्टोबर

घरोघर प्रचार, दिवस पहिला. ५४ घरं. निकाल थक्क करणारा. वहीत तीन रकाने केलेत: पक्के, जवळजवळ पक्के आणि लाजाळू पक्के.

"फारच इंटरेस्टिंग आहे हं" असं म्हणाले: १९. पक्के.
"नक्की लक्षात ठेवू": १४. पक्के.
"तुमच्या हिमतीची कमाल आहे": ६. पक्केच पक्के.
"अंघोळ करत होतो": ४. जवळजवळ पक्के.
दिवा घालवून सोफ्यामागे बसले: ११. लाजाळू पक्के.

विरोधात एकही नाही. एकाही माणसाने तोंडावर "नाही" म्हटलं नाही! चोपन्न घरांतून एकही नकार न येणं ही काय साधी गोष्ट आहे? असं आमच्या देशात कधी झालं असेल असं वाटत नाही.

एक वृद्ध गृहस्थ मात्र डोरीनचं पत्रक वाचून उगाच डोळे पुसू लागले. म्हणाले, "तिच्या हातचं कस्टर्ड!" वयोमानाने काहीतरी वेगळंच आठवलं असावं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

हॉलमध्ये "उमेदवारांना भेटा" कार्यक्रम. उपस्थिती ३७. मी बाकाच्या इतिहासापासून सुरुवात केली. प्रोजेक्टर दुसऱ्याच चित्रावर अडकला, तरी डगमगलो नाही. पुढची छत्तीस चित्रं तोंडी सांगितली. एकूण बेचाळीस मिनिटं. मी थांबल्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेर कुत्री भुंकली.

डोरीन जागेवर नव्हतीच. तिला बोलवायला गेले तर हॉलच्या स्वयंपाकघरात होती. येऊन म्हणाली, "माफ करा हं, आतला नळ वर्षभर गळतोय, तो तेवढा बसवत होते. आणि चहा झालाय." बसली. एवढंच! मला तिची खरंच दया आली. बोलता येत नाही, मुद्दा नाही, हाताला पान्याचं ग्रीस. टाळ्या तिलाही मिळाल्या, पण त्या चहाला होत्या.

घरी येताना ग्वेनला म्हटलं, बिचारीला शून्य मतं पडली तर? ग्वेनने थांबून माझा मफलर नीट केला. तिचंही मन मोठं आहे.

रविवार, ५ नोव्हेंबर

मैदानावर दरवर्षीची पाच नोव्हेंबरची शेकोटी आणि फटाके. अख्खं गाव अंधारात भाजलेले बटाटे खात उभं. थंडी एवढी होती की सगळे म्हणत होते, "मस्त हवा आहे, नाही?"

वहीप्रमाणे आजची स्थिती: एकूण मतदार ३१८. पक्के २०४, लाजाळू ५८, अंघोळीत १३. म्हणजे डोरीनची पुरती नामुष्की होणार. आणि तिला मीच उभी केली आहे. हरलेल्या माणसाला निदान मान वर करून ब्रेड आणायला जाता आलं पाहिजे. सभ्यपणा म्हणून काही आहे की नाही?

म्हणून एक निर्णय घेतला. माझ्या पक्क्यांपैकी वीस जणांना शेकोटीपाशी एकेकटं गाठलं आणि विनंती केली की माझ्यावर एक उपकार करा, या वेळी मत डोरीनला द्या. माझी काळजी करू नका. मला वाटलं होतं की ते नाराज होतील, हट्ट धरतील. पण एकेक जण काय समजूतदार! "असं म्हणता? बरं बुवा, तुम्ही म्हणताच आहात तर." एकाने तर माझा हात दोन्ही हातांनी दाबला. म्हणाला, "मिस्टर पिकरिल, मनावरचं ओझंच उतरवलंत." बॅरी म्हणाला, "मर्व्ह, तुझ्यासारखा उमेदवार मी जन्मात पाहिला नाही." ही बॅरीची पहिली गंभीर दाद.

ग्वेनलाही सांगितलं की तूसुद्धा डोरीनलाच दे. ती म्हणाली, "अगदी नक्की?" मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, "हुश्श."

गुरुवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ७.०५

मतदान. दार उघडायच्या आधी पोहोचलो. दाराशी मी एकटाच, तरीही रांगेत उभा राहिलो.

सकाळी ७.२०

आत जाऊ दिलं नाही. फोटोचं ओळखपत्र पाहिजे म्हणे. टेबलामागे कीथ. तो मला बावीस वर्षं ओळखतो. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जेवून गेलेला आहे. मी लायब्ररीचं कार्ड दाखवलं. तो म्हणाला, "सॉरी मर्विन, तू कोण हे मला कसं कळणार?" मी म्हटलं, तू आत्ताच मला मर्विन म्हणालास. तो म्हणाला, "ते मित्र म्हणून."

सकाळी ८.१५

ग्वेन मतदानाला आली. येताना तिने सर्वांसमोर माझा ज्येष्ठ नागरिकांचा फोटोवाला बस पास आणला. हा पास माझ्याकडे आहे हे मी दोन वर्षं कोणालाही कळू दिलं नव्हतं. मोज्यांच्या कप्प्यात तळाशी होता. तिला कसा सापडला?

मतदान केलं. स्वतःला मत देणं मला शोभलं नसतं. ताटातला शेवटचा सँडविच आपणच उचलायचा नसतो, तसंच हे. डोरीनला दिलं. ती बाहेर सगळ्यांना छत्रीखाली रस्ता ओलांडून देत होती.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. सकाळी ११

मोजणी झाली.

डोरीन ह्युलेट: ११२.
मर्विन पिकरिल: ९.

दुपारी १

थोडं बसलो होतो. आता उलगडा झाला. मी वीस जणांना सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं आणि गाव माझ्या शब्दाबाहेर गेलं नाही. हा खरं तर माझाच विजय आहे. नऊ जणांपर्यंत निरोप पोहोचला नाही, एवढंच.

एका मतपत्रिकेबद्दल शंका होती, म्हणून कीथने दोघांनाही दाखवली. डोरीनपुढे फुली होती आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: "सॉरी." कीथने ते मत डोरीनला धरलं. अक्षर ओळखीचं वाटलं. आमच्या फ्रिजवर "अंडी, दूध, बल्ब" हे ज्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते.

डोरीन माझ्याकडे आली. म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय हो. तुम्हीच घ्या ना ती जागा." मी म्हटलं, नियमात बसत नाही. ती म्हणाली, "मग काय करू मी?" मी म्हटलं, काम करा. आवाज जरा वेगळाच आला. खोकल्याचं औषध घ्यायला हवं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

नशीब! आणखी एक कौन्सिलर राजीनामा देऊन मुलीकडे पोर्तुगालला चालले. कारण हवामान. फळ्यावर नवी नोटीस लागली आहे. बसने बाजारात जाताना वाचली. बसची वाट बसूनच पाहिली. बाक फिरवलेला आहे. शनिवारी सकाळी डोरीन पाना घेऊन गेली आणि चार नट सैल करून फिरवून आली. अकरा मिनिटं लागली म्हणे. ठराव नाही, आकृती नाही. हे घाईचं झालं.

कीथचा फोन आला. आवाज दमलेला होता. "मर्विन, हात जोडतो. फॉर्म भर. एक पान. ७ डिसेंबरच्या मीटिंगला नेमून घेतो. मात्र निवडणूक नको. माझी बायको मला सोडून जाईल." मी म्हटलं, कीथ, तत्त्व एकदा हरल्याने बदलत नसतं. मी परत जनतेकडे जाणार.

शुक्रवार, १ डिसेंबर

निवडणूक मागायची मुदत संपली. दहा सह्या हव्या होत्या. पावसाअभावी चार झाल्या. चर्चबाहेर ऊन पडलं की लोक थांबत नाहीत, सरळ घरी जातात. चारांपैकी एक सही पार्सल देणाऱ्या माणसाची निघाली. तो सत्तर मैलांवर राहतो.

म्हणजे आता कौन्सिल कोणालातरी नेमून घेणार. मी फॉर्म भरलेला नाही आणि भरणारही नाही. त्यांनी येऊन विनवणी करावी. कोणीच अर्ज करणार नाही, मग मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतील आणि मी नाइलाजाने उठेन. तीन मिनिटांचं "नाइलाजाने" भाषण तयार केलं. मंगळवारपासून गॅरेजमध्ये तालीम.

बुधवार, ६ डिसेंबर

तालीम छान चालली आहे. "मित्रहो" नंतर थांबायचं आणि खाली बघायचं. काल आणि आज ग्वेन दोनदा गॅरेजच्या दाराशी आली. म्हणाली, "मर्विन, तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, मीटिंग होऊन जाऊ दे, मग सावकाश सांग. ती म्हणाली, "मीटिंग झाल्यावर सांगून काय उपयोग?" बायका अशा वेळी नेमक्या घरातल्या गोष्टी काढतात.

गुरुवार, ७ डिसेंबर. रात्री ९

लोकांसाठी ठेवलेल्या बारा खुर्च्यांवर लोक म्हणून मी एकटाच होतो. ग्वेन माझ्याबरोबर आली, पण कोट न काढता मागे उभी राहिली.

कीथने विषय वाचला: रिक्त जागा. मी भाषणाचा कागद हातात घेतला. कीथ म्हणाला, एकच अर्ज आला आहे, मिसेस ग्वेन पिकरिल. डोरीनने सुचवलं, दुसऱ्या कोणीतरी अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हात वर केले. अर्धं मिनिटही लागलं नाही. ग्वेन टेबलापाशी जाऊन बसली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दोनदा आले होते रे सांगायला."

इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला फार वाईट वाटलं. ती तिथे गेली म्हणून नाही. ती चांगलीच बसली होती तिथे, पाठ ताठ, चष्मा लावून. वाईट याचं वाटलं की मला किती सोपं होतं. कीथने दोनदा एक पान पुढे केलं होतं. मला कोणी काही विचारत नाही म्हणून मी वर्षभर रडत होतो आणि तो बिचारा तेच तर विचारत होता.

मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की जनतेला काही म्हणायचं आहे का. जनता मी. कागदावर "मित्रहो" लिहिलेलं होतं. मी म्हटलं, नाही, धन्यवाद, सॉरी.

उठणार इतक्यात ग्वेनने हात वर केला. कौन्सिलर म्हणून तिचं पहिलं वाक्य. ती म्हणाली, "अध्यक्ष महाराज, डोरीन आता टेबलावर बसते, तर मीटिंगचा चहा कोण करणार? मिस्टर पिकरिल गुरुवारी मोकळे असतात. त्यांना विचारावं." डोरीन म्हणाली, "हो हो, त्यांना विचारा." अध्यक्षांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मतदान झालं. बाजूने सात, विरोधात कोणी नाही, तटस्थ कोणी नाही. कीथने इतिवृत्तात माझं नाव पूर्ण लिहिलं.

सात कप. दोन बिनसाखरेचे. नळ गळत नाही.

या वेळी मी प्रतिस्पर्धी मागितला नाही.